'पूर्ण' म्हणायचंय, पण होल म्हणू की फुल, कंप्लीट की एंटायर? नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी

इंग्रजी शिकायला लागलेला माणूस मोठमोठ्या अवघड शब्दांवर फारसा अडत नाही, तो अडतो साध्या 'पूर्ण'वर. मी संध्याकाळी नोकरदार लोकांना इंग्रजी शिकवते, त्यात बँकेतले आहेत, दुकान चालवणारे आहेत, दोन आज्या पण आहेत ज्यांची नातवंडं परदेशात वाढतायत, आणि जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या महिन्यात कधीतरी विचारतोच की मॅडम, 'मी पूर्ण पुस्तक वाचलं' याला फुल बुक म्हणू, होल बुक म्हणू, कंप्लीट बुक की टोटल बुक. डिक्शनरी उघडली तर ती एकाचा अर्थ म्हणून दुसरा शब्द देते, दुसऱ्याचा अर्थ म्हणून तिसरा, आणि फिरून आपण पहिल्यावरच येतो.

माझं म्हणणं असं आहे की या प्रत्येक शब्दाच्या पोटात एक वेगळं चित्र आहे. कुठे भरण्याचं, कुठे न तोडलेल्या वस्तूचं, कुठे कुणी हात न लावलेल्या गोष्टीचं, कुठे चक्क विहीर उपसण्याचं. ते चित्र एकदा डोळ्यापुढे आलं की कुठला शब्द कुठे बसतो हे पाठ करावं लागत नाही, आणि यातली बरीच चित्रं आपल्या मराठीत, आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेत, म्हणून तर हे आपल्याला सोपं जायला हवं. घाई करू नका, एका दिवशी एकच पायरी घ्या.

पायरी १: भरण्याचं चित्र, म्हणजे फुल आणि कंप्लीट

फुल मूनला आपण काय म्हणतो? पौर्णिमा. आता 'पूर्ण' आणि 'फुल' हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा, कारण हे दोन्ही खरोखरच एकाच मूळ शब्दातून आलेत, चुलत भावंडंच आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा उगम एकच असावा हे विल्यम जोन्स या न्यायाधीशाने १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडलं, आणि पुढे १८२२ मध्ये जेकब ग्रिमने (परीकथा गोळा करणाऱ्या भावांपैकी थोरला तोच) नियमच दाखवून दिला की संस्कृत-लॅटिनमध्ये जिथे 'प' असतो तिथे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात 'फ' येतो. पितृचा फादर, पादाचा फूट, तसाच पूर्णचा फुल. मधल्या 'ल'चा संस्कृतात 'र' झालाय एवढंच.

लॅटिनने मात्र 'प' सोडला नाही. तिथे प्लेनुस म्हणजे भरलेला आणि प्लेरे म्हणजे भरणे, आणि त्याला 'कॉम' हा जोर देणारा उपसर्ग लागून झालं कॉम्प्लेरे, म्हणजे काठोकाठ भरून टाकणे, ते फ्रेंचमधून चौदाव्या शतकात इंग्रजीत आलं आणि झालं कंप्लीट. त्याच प्लेरेची बाकीची पोरं म्हणजे सप्लाय, सप्लिमेंट, प्लेंटी. आता मराठीकडे या. नदीला येतो तो पूर, पोळीत भरतो ते पुरण, पोट भरलं की म्हणतो पुरे, सप्लायला आपण म्हणतो पुरवठा, आणि परीक्षेत पेपर लिहिता लिहिता जागा संपली की मागतो ती पुरवणी, म्हणजेच सप्लिमेंट. दोन्हीकडे एकच मूळ, एकच अर्थ. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अक्षरशः कागदावर लिहून भिंतीला लावलं होतं. पुरणपोळीतलं पुरण आणि कंप्लीटमधलं 'प्लीट' हे नात्यातले आहेत ही गोष्ट वर्गात सांगितली की कंप्लीट शब्द परत कुणी विसरत नाही.

पण मग फुल आणि कंप्लीट यात फरक काय? फुलचा संबंध भांड्याशी आहे. बादली, बस, टाकी, पोट, मेमरी कार्ड, जिथे जागा असते आणि ती भरते तिथे फुल. कंप्लीटचा संबंध भागांशी आहे, जितके तुकडे, जितक्या वस्तू असायला हव्यात तितक्या सगळ्या आल्या की कंप्लीट. संकष्टीला ताटात २० मोदक गच्च बसलेत, हलायला जागा नाही, तर ताट फुल आहे, पण नैवेद्य २१ चा असल्यामुळे कंप्लीट नाहीये. उलट मोठ्या परातीत २१ मोदक सुटे सुटे ठेवलेत तर नैवेद्य कंप्लीट पण परात फुल नाही. म्हणून मनात एक प्रश्न विचारायचा, 'अजून मावेल का?' असं विचारावंसं वाटलं तर फुल, आणि 'काही राहिलंय का?' असं वाटलं तर कंप्लीट. फॉर्म कंप्लीट असतो, सेट कंप्लीट असतो, माहिती कंप्लीट असते.

मार्कांचंही तसंच, १०० पैकी १०० म्हणजे भांडं भरलं, म्हणून फुल मार्क्स. फुल स्टॉप म्हणजे पूर्णविराम. ऑफिस सोडताना मिळणारं फुल अँड फायनल सेटलमेंट म्हणजे देणं काठापर्यंत चुकतं केलं.

अजून एक कामाचं, कंप्लीटच्या पुढे 'विथ' आला की त्याचा अर्थ 'सकट' होतो. पार्किंगसकट फ्लॅट, झाकणासकट डबा, तिथे कंप्लीट विथ.

पायरी २: अख्खा मसूर, म्हणजे होल

होल हा अगदी जुना, अस्सल इंग्रजी मातीतला शब्द. जुन्या इंग्रजीत तो 'हाल' असा होता आणि त्याचा अर्थ होता धडधाकट, जखम नसलेला, निरोगी. त्याच मुळापासून हील म्हणजे बरं करणं, हेल्थ म्हणजे आरोग्य, आणि होली म्हणजे पवित्रसुद्धा. सुरुवातीचा डब्ल्यू मुळात नव्हताच, तो साधारण पंधराव्या शतकात स्पेलिंगमध्ये शिरला आणि आज त्याचा उच्चारही होत नाही, म्हणून तो का आहे याचा त्रास करून घेऊ नका. आणि भोक या अर्थाचा होल हा वेगळा शब्द आहे, त्याचं मूळ पोकळ या अर्थाचं, दोघांचं काही नातं नाही.

इथे एक फरक मला फार आवडतो. आपण म्हणतो जखम भरली, इंग्रजी म्हणतं जखम हील झाली, म्हणजे अंग परत 'होल' झालं. एकच गोष्ट, आपण भरण्याच्या चित्रात बघतो आणि ते अखंडपणाच्या.

तर होल म्हणजे न फोडलेलं, न तोडलेलं, तुकडे न केलेलं. याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे, अख्खा. सांगली-कोल्हापूरकडच्या धाब्यांवर मिळतो तो अख्खा मसूर हा होल मसूर, डाळ केली की तो होल राहिला नाही. खडा मसाला म्हणजे होल स्पाइसेस, कुटला की होल गेलं. होल व्हीट म्हणजे कोंडा न काढलेला गहू, होल मिल्क म्हणजे साय न काढलेलं दूध. इथे कुठेही कंप्लीट चालत नाही, कंप्लीट मसूर म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल की मसुराचे कुठले भाग जमवायचे होते. दिवस, रात्र, गाव, आयुष्य, पुस्तक, कुटुंब, हे सगळं आपण अख्खं म्हणतो ना, तिथे डोळे मिटून होल.

पायरी ३: अक्षता, म्हणजे एंटायर आणि इंटॅक्ट

लग्नात आपण अक्षता टाकतो. अ-क्षत, क्षत म्हणजे जखम किंवा तूट, ती नाही असा तांदूळ, म्हणून तुकडा तांदूळ अक्षतांना चालत नाही असं घरातली मोठी माणसं सांगतात. लॅटिनमध्ये अगदी याच पद्धतीने एक शब्द बनला, 'इन' म्हणजे नाही आणि 'तांगेरे' म्हणजे हात लावणे, दोन्ही मिळून इंतेगेर, म्हणजे ज्याला हात लागलेला नाही. तो फ्रेंचमध्ये झिजून झिजून आंतिये झाला आणि इंग्रजीत एंटायर. न झिजता थेट लॅटिनमधून आला तो गणितातला इंटिजर, ज्याला शाळेत आपण पूर्णांक म्हणतो, तोडून अपूर्णांक न केलेला आकडा. त्याच घरातले इंटॅक्ट आणि इंटेग्रिटी. इंटॅक्टला मराठीत शाबूत म्हणा, घरफोडी झाली पण कपाट शाबूत राहिलं, तिथे इंटॅक्ट. आणि इंटेग्रिटी म्हणजे सचोटी कशी झाली हे आपल्याला लगेच कळायला हवं, कारण आपण प्रामाणिक माणसाबद्दल म्हणतोच की त्याने कधी परक्याच्या पैशाला हात लावला नाही.

रोजच्या वापरात एंटायर आणि होल खूप जवळ आहेत, द होल व्हिलेज आणि द एंटायर व्हिलेज दोन्ही बरोबर. एंटायरमध्ये जरा जास्त जोर आणि जरा औपचारिकपणा आहे, आपला 'सबंध' म्हणा हवं तर. बोलताना होल वापरा, अर्ज-रिपोर्ट लिहिताना एंटायर शोभतं, यापेक्षा जास्त डोकं लावायची गरज नाही.

आपल्याकडे असे नकारातून पूर्णत्व सांगणारे शब्द भरपूर आहेत, अखंड म्हणजे खंड नसलेला, निःशेष म्हणजे शेष नसलेला, आणि अखिल, ज्यातला खिल म्हणजे मशागत केलेल्या शेतांच्या मध्ये पडीक राहिलेला तुकडा. मध्ये एकही पडीक तुकडा नाही ते अखिल. ऑल इंडिया म्हणजे अखिल भारतीय म्हणताना ही शेताची गोष्ट आठवत जा.

पायरी ४: बेरीज, म्हणजे टोटल

टोटल लॅटिन तोतुसपासून, अर्थ सगळा. पण इंग्रजीत त्याने बेरजेचा धंदा धरला, एकूण खर्च, एकूण मार्क, एकूण लोक, जिथे मराठीत 'एकूण' बसतं तिथे टोटल. म्हणून टोटल बुक म्हणता येत नाही, टोटल बुक्स म्हणता येईल, पण मग अर्थ एकूण पुस्तकं किती असा होईल.

दुसरा उपयोग पार्शलच्या उलट. ग्रहणाचं उदाहरण बेस्ट आहे. २२ जुलै २००९ ला सुरत, भोपाळ, पाटणा या पट्ट्यातून जे सूर्यग्रहण गेलं ते तिथे खग्रास, म्हणजे टोटल, आणि मुंबईत खंडग्रास, म्हणजे पार्शल. गाडीचा एवढा चुराडा झाला की दुरुस्त करण्यात अर्थ नाही, तर विमावाले म्हणतात टोटल लॉस.

जाता जाता, टीटोटलर म्हणजे दारू अजिबात न पिणारा, आणि पुष्कळांना वाटतं की दारूऐवजी चहा पितो म्हणून टी. तसं नाहीये. इंग्लंडमध्ये प्रेस्टन इथे १८३३ च्या सुमाराला दारूबंदी चळवळीत हा शब्द रुजला, श्रेय रिचर्ड टर्नर नावाच्या कामगाराच्या भाषणाला दिलं जातं, आणि त्यातला टी हा टोटलचंच पहिलं अक्षर जोरासाठी दुसऱ्यांदा म्हटलेलं.

पायरी ५: उपसणं आणि कवेत घेणं

ही पायरी ऑफिसात, करारात, सरकारी कागदात काम असलेल्यांनी जास्त नीट वाचा. एक्झॉस्टिव्ह हा शब्द बघितला की आपल्याला एक्झॉस्टेड आठवतं, दमलेला. मी एकदा एका कराराचा मराठी मसुदा तपासत होते त्यात एक्झॉस्टिव्ह लिस्टचं भाषांतर 'थकवणारी यादी' असं झालं होतं आणि पुढचं सगळं कलमच त्यामुळे निरर्थक झालं होतं. मूळ लॅटिन शब्द आहे एक्स-हाउरिरे, पाणी बाहेर ओढून काढणे. विहीर तळापर्यंत उपसली, थेंब राहिला नाही, ते एक्झॉस्ट. माणसातली ताकद उपसली गेली की तो एक्झॉस्टेड, इंजिनातला धूर बाहेर काढतो तो एक्झॉस्ट, स्वयंपाकघरातली वाफ ओढून काढतो तो एक्झॉस्ट फॅन, आणि यादीतून एकही नाव सुटलं नाही तर ती एक्झॉस्टिव्ह. करारात 'ही यादी एक्झॉस्टिव्ह नाही' असं लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ असा की यात नसलेल्या गोष्टीसुद्धा लागू होऊ शकतात, आणि हे सही करायच्या आधी कळलेलं बरं.

कॉम्प्रिहेन्सिव्हचं चित्र वेगळं. प्रेहेन्देरे म्हणजे पकडणे, कॉम म्हणजे एकत्र, सगळं एका कवेत धरणे. म्हणून कॉम्प्रिहेन्शन म्हणजे आकलन, डोक्याने पकडणं. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे सर्वसमावेशक, हात लांब पसरून सगळे मोठे विषय आत घेतलेत, पण कवेतून एखादी बारीक गोष्ट निसटू शकते. गाडीचा कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्शुरन्स म्हणजे दुसऱ्याचं नुकसान आणि आपल्या गाडीचं नुकसान दोन्ही कवेत घेतलं, तरी त्यातही अपवाद लिहिलेले असतातच. म्हणून कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे 'काहीही झालं तरी मिळणार' असं समजू नका, तो एक्झॉस्टिव्ह नव्हे.

थरो हा थ्रूचाच भाऊ, आरपार. तो वस्तूला लागत नाही, कामाला आणि माणसाला लागतो, थरो चेकिंग, थरो क्लीनिंग, थरो माणूस. मराठीत कसून, सांगोपांग. सांगोपांग म्हणजे अंग आणि उपांगांसकट, किती सुंदर शब्द आहे, आपण तो आता भाषणांपुरताच ठेवलाय याचं मला खरंच वाईट वाटतं.

पायरी ६: संगत बघा

अटर आणि अ‍ॅब्सोल्यूट हे दोन शब्द अर्थापेक्षा संगतीने शिकायचे. अटर हा आउटचाच एक प्रकार, आउटर, सगळ्यात बाहेरचा, टोकाचा. टोकाचा म्हणून संपूर्ण. पण याला संगत बहुतेक वाईटाचीच, अटर नॉन्सेन्स, अटर फेल्युअर, अटर केऑस. अटर सक्सेस कुणी म्हणत नाही. व्याकरणाने यात काही चूक नाही पण कानाला खटकतं.

हे विचित्र वाटत असेल तर मराठीत बघा. धादांत कशाला लागतो? खोट्याला. धादांत खरं असं कधी ऐकलंय का? ठार वेडा, ठार बहिरा म्हणतो, ठार शहाणा म्हणत नाही. 'शुद्ध'सारखा चांगला शब्द पण शुद्ध मूर्खपणा म्हणताना अगदी अटरचंच काम करतो. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, ऐकून ऐकून आलं, इंग्रजीतही तसंच ऐकून येणार, फक्त ऐकताना शेजारचा शब्द कुठला होता तिकडे लक्ष द्यायचं.

अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे मुळात सोडवलेला, मोकळा केलेला, लॅटिन अब-सोल्वेरे. कशावरही अवलंबून नाही असा, म्हणून मराठीत निरपेक्ष. तापमानाचं अ‍ॅब्सोल्यूट झीरो म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस, त्याच्याखाली जाताच येत नाही, ते पाण्याच्या गोठण्यावर वगैरे अवलंबून नाही. अ‍ॅब्सोल्यूट चांगल्याला पण चालतं आणि वाईटाला पण.

पायरी ७: शब्दाची जागा

इथे आपण मराठी माणसं ठराविक चुका करतो कारण डोक्यात मराठी वाक्य असतं. 'माझे सगळे मित्र' म्हणून माय ऑल फ्रेंड्स. इंग्रजीत ऑल सगळ्यात पुढे उभा राहतो, ऑल माय फ्रेंड्स. होलचं बरोबर उलट, तो माय किंवा द यांच्या मागे, माय होल लाइफ, द होल डे. एवढं एक लक्षात ठेवलं तरी अर्ध्या चुका जातात.

दुसरं, आपण दिवसभरला फुल डे म्हणतो. मी दिवसभर घरी होते याला ऑल डे किंवा द होल डे. फुल डे पण चालतं पण तेव्हा ते हाफ डेच्या उलट, म्हणजे रजा किंवा पगार मोजताना.

तिसरं, गावाच्या, देशाच्या नावाआधी नुसता होल लागत नाही. होल पुणे नाही, द होल ऑफ पुणे किंवा ऑल ऑफ पुणे.

आणि चौथं जरा बारीक आहे पण पेपर वाचताना उपयोगी पडतं. ऑल द व्हिलेजेस म्हणजे सगळी गावं, एकही सुटलं नाही. होल व्हिलेजेस म्हणजे अख्खीच्या अख्खी गावं, सगळी नव्हेत, काहीच, पण जी होती ती घरादारासकट. पुराच्या बातमीत होल व्हिलेजेस वाहून गेली असं आलं तर त्याचा अर्थ जिल्ह्यातली सगळी गावं गेली असा घेऊ नका.

पायरी ८: नाम कुठलं वापरायचं

कंप्लीटपासून दोन नामं, कंप्लीशन आणि कंप्लीटनेस. कंप्लीशन म्हणजे काम संपणं, ती घटना. कंप्लीटनेस म्हणजे काही राहिलेलं नसणं, तो गुण. बिल्डरकडून मागतो ते कंप्लीशन सर्टिफिकेट, पूर्णत्वाचा दाखला, बांधकाम संपल्याचा. पण तुमची कागदपत्रं तपासणारा क्लार्क बघतो ती कंप्लीटनेस, सगळी जोडलीत का. एंटायरचं एंटायरटी, होलचं होलनेस, टोटलचं टोटॅलिटी, आणि ग्रहणात सूर्य पूर्ण झाकलेला असतो त्या मिनिटांनाही टोटॅलिटीच म्हणतात.

पायरी ९: 'जास्त पूर्ण' असं म्हणता येतं का?

शाळेत शिकवतात की कंप्लीट, परफेक्ट यांना व्हेरी लावू नये, पूर्ण ते पूर्ण, त्यात जास्त काय. नवशिक्याने व्हेरी टाळावं हे खरंच, त्याऐवजी अ‍ॅब्सोल्यूटली किंवा ऑलमोस्ट लावा. पण मोअर कंप्लीट लिस्ट असं चांगले लोक सर्रास लिहितात आणि अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानाच्या प्रास्ताविकेतच 'अ मोअर परफेक्ट युनियन' असं आहे. कारण परफेक्टचा जुना अर्थ आहे तडीस नेलेलं, पेर-फाकेरे, शेवटपर्यंत करणं, आणि तडीला आणखी जवळ नेता येतंच की. व्याकरणातल्या प्रेझेंट परफेक्टला मराठीत पूर्ण वर्तमानकाळ का म्हणतात त्याचंही उत्तर हेच, तिथे परफेक्ट म्हणजे उत्तम नाही, झालेलं, संपलेलं.

पायरी १०: एवढे शब्द आले कुठून आणि कुठे फसायला होतं

होल, फुल, ऑल हे घरचे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांची फ्रेंच पुढे काही शतकं दरबारात आणि कोर्टात चालली, तिच्यातून एंटायर, कंप्लीट आले, आणि मग विद्वानांनी थेट लॅटिनमधून उचलले. म्हणून छोटे शब्द घरगुती वाटतात आणि लांबडे कागदी. मराठीचं तेच आहे, बोलताना अख्खा, सगळा, पोथीत संपूर्ण, समग्र, आणि राज्यकारभारातून फारसी-अरबी शब्द, तमाम जनता, किंवा घराच्या व्यवहारात लागतं ते कुलमुखत्यारपत्र, ज्यातला कुल म्हणजे अरबीत सगळा.

फसायला होतं ते दिसण्यावरून. होलिस्टिक हा डब्ल्यूवाल्या होलपासून नाही, ग्रीक होलोसपासून आहे, आणि होलिझम हा शब्द दक्षिण आफ्रिकेच्या यान स्मट्सने १९२६ मध्ये घडवला, म्हणून त्याच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यू टाकू नका. ग्रीक होलोस नात्याने आपल्या 'सर्व'चा भाऊ लागतो, आणि लॅटिन साल्वुस पण, ज्यापासून सेफ आणि सेव्ह आले. काँप्लिमेंट दोन आहेत, ई-वाला म्हणजे पूरक आणि आय-वाला म्हणजे स्तुती, दोन्हींचं मूळ तेच कॉम्प्लेरे, पण स्तुतीवाला स्पॅनिश-इटालियनमधून फिरून आला, म्हणून लिहिताना एकदा तपासा.

आणि ते 'होल नाइन यार्ड्स'. याचा अर्थ सगळं काही, काही न वगळता. मोबाईलवर एक मेसेज फिरतो की हा वाक्प्रचार आपल्या नऊवारीवरून आला, आणि वार म्हणजे यार्डच असल्यामुळे ते पटतं पण. मलाही ते खरं असतं तर आवडलं असतं. पण हा वाक्प्रचार अमेरिकेतला आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तिथल्या छोट्या गावांच्या वर्तमानपत्रांत तो सापडतो, आणि १९१२ मध्ये केंटकीत तो 'होल सिक्स यार्ड्स' असा पण छापलेला आहे, सहा वार. म्हणजे आकडाच पक्का नव्हता, साडीचा तिथे काही उल्लेख नाही, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या मशीनगनच्या नऊ यार्ड लांब गोळ्यांच्या पट्ट्याची जी दुसरी गोष्ट सांगतात ती पण यामुळे बाद होते. 'लॉक, स्टॉक अँड बॅरल'चं मूळ मात्र सरळ आहे, जुन्या बंदुकीचे तीन भाग, चाप उडवणारी यंत्रणा, लाकडी दस्ता आणि नळी, म्हणजे बंदूक सगळी आली.

सवय कशी लावायची? एक वही करा, पानावर तीन रकाने. पहिल्यात शब्द आणि त्याचं चित्र, जमलं तर खरंच काढा, बादली, अख्खं जायफळ, अक्षता, विहीर. दुसऱ्यात तो शब्द ज्या ज्या शब्दांबरोबर भेटला ते सोबती. तिसऱ्यात मराठीतला त्याचा जोडीदार, पण 'पूर्ण' लिहायची बंदी, अख्खा, सबंध, एकूण, शाबूत, कसून, निव्वळ असं काहीतरी शोधूनच लिहायचं. दिवसाला एक ओळ पुरे. माझ्या वर्गातल्या एका आजींनी होलपुढे भरल्या वांग्यातलं न चिरलेलं वांगं काढलं होतं, चार काप दिलेले पण देठाशी जोडलेले, आणि तो होलचा मी पाहिलेला सगळ्यात चांगला अर्थ आहे.

आता पहिला प्रश्न. 'मी पूर्ण पुस्तक वाचलं' हे आय रेड द होल बुक. 'पुस्तक वाचून संपवलं' हे आय फिनिश्ड द बुक. आणि शी कंप्लीटेड द बुक असं कुठे वाचलंत तर बहुतेक वेळा ती बाई पुस्तक वाचणारी नसते, लिहिणारी असते.